तेल माझं, फिल्टर तुमचा

अक्का, गाडीचं तेल बदलायला झालंय.

तुमचं तेरावं होऊन अजून आठवडाही झाला नाही आणि ही बाई इंजिन ऑइलचं काय घेऊन बसली, असं घरातलं कोणीही म्हणेल. म्हणू देत. तुम्ही असतात तर पहिला प्रश्न हाच केला असतात, "तेल बघितलंस का गं शुभे?" सध्या घरात माणसांची रीघ आहे. येतात, डोळे पुसतात, "फार मोठ्या मनाच्या होत्या हो तुमच्या जाऊबाई" म्हणतात, चहा घेतात, जातात. मी मान हलवते. मोठं मन वगैरे ठीक आहे. पण तुम्ही मला फसवलंत, आणि ते मला कळलं तुम्ही गेल्यावर. आता भांडायचं कोणाशी? म्हणून लिहायला बसलेय.

आधी सगळं नीट लावून घेते. मला तशी सवय आहे, शाळेत विज्ञान शिकवून शिकवून लागलेली. मी औरंगपुऱ्यातली, कारकुनांच्या घरातली. आमच्याकडे चाकाची वस्तू म्हणजे वडिलांची सायकल, तिलाही ते स्वतःच तेल घालायचे आणि वर फडकं टाकून ठेवायचे. तुम्ही अजिंठ्याकडच्या, बापाच्या दारात जीप आणि ट्रॅक्टर, आणि दोन्ही चालवता येणाऱ्या. तुमच्या धाकट्या दिराशी मी लग्न केलं ते दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून. मी घरात आले त्या दिवशी सासूबाई आतल्या खोलीत निजून होत्या, भाऊजी पेपरात तोंड खुपसून होते, आणि तुम्ही ओट्याशी उभ्या राहून माझी उलटतपासणी घेतलीत.

"भाकरी येती का?"

"नाही."

"गाडी येती का?"

"नाही."

"मंग येतं काय?"

"बीएस्सी."

तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की आत निजलेल्या सासूबाई उठून बसल्या. त्या घरात मला पहिल्यांदा जरा सैल वाटलं ते तेव्हा.

पुढे सासऱ्यांची शेंद्र्याकडची जमीन कारखान्यांसाठी गेली, पैसे आले, आणि दोघा भावांनी मिळून ती पांढरी पेट्रोल गाडी घेतली. दोघांनाही गाडीत बसायला आवडतं, चालवायला नाही. त्यामुळे गाडी आपोआप आपली झाली. तुम्ही मला शिकवलंत तेही शेंद्र्यालाच. तिथे तेव्हा रस्ते आधी झाले होते आणि कारखाने नंतर यायचे होते. रुंद, गुळगुळीत, रिकामे रस्ते, दोन्हीकडे दिव्यांचे खांब, आणि मधोमध बकऱ्या. "निजलेल्या लेकराच्या तोंडातून बोट काढतो तसा क्लच सोड," तुम्ही म्हणायचात. मला तेव्हा मूल नव्हतं. तरी कळलं.

आपलं भांडण सुरू झालं ते तेलावरून. कंपनीच्या फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या आणि आपण गाडी ओळखीच्या गॅरेजला न्यायला लागलो. गॅरेजवाला सगळ्यांच्या गाड्यांत एकच तेल ओतायचा, घट्ट, काकवीसारखं. "आपल्याकडचं ऊन बघा की मॅडम. पातळ तेल टिकतंय का इथं?" तुम्हाला ते एकदम पटलं, कारण बापाच्या ट्रॅक्टरला तुम्ही जन्मभर तसंच तेल बघितलेलं. मी डॅशबोर्डच्या खणातलं गाडीचं पुस्तक काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. गॅरेजवाल्याच्या डब्यावर ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी.

मी तुम्हाला फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा म्हणजे इंजिन गार असताना तेल किती पटकन पळतं. आकडा जेवढा लहान, तेवढं पटकन. पलीकडचा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं. आपल्या गाडीचं इंजिन नव्या धर्तीचं, आतल्या फटी बारीक, त्यात काकवी वेळेवर पोचत नाही.

तुम्ही गवार मोडत होतात. सगळं शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हे पुस्तक छापलंय कुठं?"

"कुठे का छापेना."

"तिथं आपल्यावानी ऊन हाय का?"

मी म्हटलं, अहो, इंजिन आतून एवढं तापतं की त्याला बाहेरचा वैशाख काय आणि पौष काय, काही फरक पडत नाही. "पडतो," तुम्ही म्हणालात. "मला पडतो तर तिला कसा नाय पडणार?" गाडीला तुम्ही नेहमी 'ती' म्हणायचात, आणि माणसात धरायचात.

शेवटी एक वर्ष माझं तेल टाकायचं ठरलं. अख्खा उन्हाळा तुम्ही कान लावून होतात, कुठे काही वाजतंय का म्हणून. मे महिना सरला. काही वाजलं नाही. उलट गाडी हलकी पळायला लागली, पेट्रोलही कमी प्यायला लागली. "टायरात हवा नीट भरली आपण, म्हणून," तुम्ही म्हणालात. हार म्हणून मानली नाहीत. पण पुढच्या खेपेला गॅरेजवाल्यानं सवयीनं आपला घट्ट डबा उचलला तेव्हा तुम्हीच त्याच्या अंगावर गेलात. "ए बाबा, ते नगं. ते पातळवालं टाक, आमच्या मास्तरणीचं." मला त्या दिवशी किती बरं वाटलं हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

फिल्टरच्या बाबतीत मात्र तुम्ही बरोबर निघालात. मी माहेरी गेले होते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्पेअर पार्टचं जुनं दुकान आहे. तेल बदलायचं होतंच, म्हणून ऑइल फिल्टर मागितला. आपल्या गाडीचा नव्हता. दुकानातल्या चाचांनी दुसऱ्याच एका गाडीचा काढला, आटे फिरवून दाखवले. "बैठ जाता भाभी. टेन्शन नक्को लेव." गॅरेजला तेलाबरोबर लावून घेतला, आणि खरंच बसला. तेल ठिपकलंसुद्धा नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायला मी गाडी सुरू केली आणि तुम्ही पिठाच्या हातांनी अंगणात आलात. "आज काय घातलंस तिला?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही गाडी बंद करायला लावलीत, जराशानं परत सुरू करायला लावलीत. तेव्हा काही नाही. "उद्या बघ," म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कान दिला. सुरू झाल्या झाल्या आतून बारीक टकटक, चार श्वास घ्यावेत एवढाच वेळ, आणि मग बंद. मग तुम्ही सांगितलंत. फिल्टरच्या पोटात एक रबरी पडदा असतो. गाडी उभी असताना तो तेलाला खाली गळू देत नाही, म्हणजे सकाळी सुरू केल्याबरोबर वर तेल हजर. चुकीच्या फिल्टरचा पडदा तेल धरत नाही. सगळं खाली उतरतं आणि सकाळी इंजिन थोडा वेळ कोरडं फिरतं.

"पण बसलाय की व्यवस्थित," मी म्हटलं.

"बसला म्हणून लागला, असं नसतं. हा बसतोय, पण तिला लागत नाय."

आमच्या माहेरी 'कोण लागतं' हे नात्याबद्दल विचारायचे. तुमच्या तोंडी तो शब्द फिल्टरलाही चालायचा, पट्ट्यालाही, नटबोल्टलाही. मला मजा वाटली होती. त्या दिवसापासून आपला तह झाला, तेल माझं आणि फिल्टर तुमचा. मी डबा आणायचा, तुम्ही फिल्टर आणायचा, आणि एकमेकींच्या खात्यात नाक खुपसायचं नाही.

मग तो दुष्काळ आला. जायकवाडी तळाला गेलं, नळाला पाणी यायचं ते आठवड्यानं, तेही आलं तर. आणि शहर मात्र वाढतच चाललेलं. बीड बायपासला नव्या इमारतींचे खांब उठत होते, फलकावर पोहण्याच्या तलावाचं चित्र आणि फाटकाशी टँकर उभा. सगळीकडे रस्ते उकरलेले. आपण दोघी डिकीत कॅन भरून तुमच्या मैत्रिणीच्या बोअरवरून पाणी आणायचो, आणि गाडी धूळ खात पळायची. हवेचा फिल्टर काढून झटकला की पायाशी मातीचा ढीग पडायचा. गॅरेजवाला त्याला नळीनं हवा मारून तोच परत बसवू बघायचा. "कचरा निघतो, बारीक धूळ आतच राहती," तुम्ही म्हणायचात, आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्यातच तो बदलून घ्यायचात. "पुस्तकवाल्याला आपला बायपास म्हाईत नाय." खरं म्हणजे पुस्तकातच लिहिलं होतं, धुळीच्या रस्त्यांवर लवकर बदला म्हणून. ते मी तुम्हाला दाखवलं नाही. तुम्हाला जिंकल्याचा आनंद होता, तो कशाला घालवायचा?

त्या वर्षी दसऱ्याला गाडी धुवायचा प्रश्न आला. गल्लीत एकानं पाइप लावून गाडी धुतली तर लोक त्याच्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. भाऊजी म्हणाले, निदान ओल्या फडक्यानं तरी पुसा, पूजा करायचीय. तुम्ही म्हणालात, "बाहेरून ऱ्हाऊ दे पारोशी. आतून आंघोळ घालू." आणि आपण गाडी गॅरेजला नेऊन तेल आणि फिल्टर बदलून आणलं, मग त्या धुळीच्या बॉनेटवरच हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेव्हापासून दसऱ्याला तेल बदलणं हा आपला रिवाजच झाला. मधल्या काळात गाडी जास्त पळली तर आधीही एकदा, पण दसऱ्याला म्हणजे दसऱ्याला.

गॅरेजमध्ये खालचा बोल्ट काढल्यावर ते डांबरासारखं तेल पडायला लागलं तेव्हा मी म्हटलं, "शी, किती खराब झालं होतं."

"काळं झालं म्हंजे काम करायलंय," तुम्ही म्हणालात. "आतली घाण स्वतःवर घेतंय ते. पांढरं झालं तर घाबर. पांढरं म्हंजे पाणी शिरलं."

मी ते पुढे वर्गात सांगितलं, तुमचं नाव घेऊन. पोरांना फार आवडलं.

मग काही वर्षांनी तुमच्या पायावर सूज यायला लागली. तुम्ही म्हणालात, उभं राहून राहून आली. मग चेहऱ्यावर आली. मीच ओढून नेलं तुम्हाला. तो तरुण डॉक्टर रिपोर्ट पुढे ठेवून सावकाश, लहान मुलांना समजवावं तसं सांगत होता. "हे बघा ताई, किडनी म्हणजे शरीराचा फिल्टर असतो." आपण एकमेकींकडे बघितलं. पुढचं मला आठवतंय ते असं, की आपण दोघी त्याच्यासमोर फिसफिसून हसत होतो आणि त्या बिचाऱ्याला कळेना की एवढ्या वाईट बातमीवर ह्या बायका हसतायत का. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "सांगायचं व्हतं ना त्याला, फिल्टर माझ्याकडंच असतो म्हणून." आणि मग गाडीत बसल्यावर तुम्ही रिपोर्टची घडी घालून तो गाडीच्या पुस्तकाशेजारी खणात ठेवलात.

डायलिसिस सुरू झालं. ठरलेल्या वारी मी तुम्हाला न्यायचे, शाळेतून निघून, शाळेत परत जाऊन. पाऊस पुन्हा दोन वर्षं नीट झाला नव्हता. सगळं शहर पाणी मोजून वापरत होतं, आणि तुम्हाला तर प्यायचंही मोजून. टँकर आला की गल्लीत बायकांची ही झुंबड, आणि तुम्ही व्हरांड्यात बसून बर्फाचा खडा चघळत त्यांना रांग लावायला सांगायचात. मला ते बघवायचं नाही. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसायचे.

आणि मी ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही. गणपतीच्या रक्तदान शिबिरात आपल्या दोघींचा रक्तगट एकच निघाला होता, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "बघ, एकाच डब्यातलं तेल." मी चौकशी केली. कायद्यानं जाऊ हे जवळचं नातं धरत नाहीत, समितीपुढे जावं लागतं, तिथे विचारपूस होते. ह्यांच्याशी बोलले. ह्यांचा चेहरा पडला, पण नाही म्हणाले नाहीत. मग एके दिवशी येताना जालना रोडला, पुलाच्या कामापाशी गाड्या अडकल्या होत्या, तिथे मी तुम्हाला सांगितलं.

"अक्का, मी देते."

"काय देतीस?"

"किडनी. रक्तगट एक आहे. समितीपुढे जावं लागेल, जाऊ आपण. मी सगळं विचारून आलेय."

तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. समोर खांबाच्या सळया उन्हात उभ्या होत्या.

"तुझी बसंल गं," तुम्ही म्हणालात. "पण लागत नाय."

मला वाटलं, चेष्टा. मी म्हटलं, "तपासण्या तर होऊ द्या. लागते की नाही ते डॉक्टर सांगतील."

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. ते वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिते. "तू माझी कोण लागतीस, शुभे? बहीण का लेक? दोन भावांनी दोन बाया आणून एका घरात ठिवल्या, एवढंच की. उद्या तुझ्या माहेरचे मला बोल लावतील. मला तुझे उपकार नगंत."

माझ्या पायाखालचा क्लच सुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गाडी धक्का खाऊन बंद पडली. मागच्यांनी हॉर्नवर हॉर्न मारले. मी गाडी सुरू केली आणि घरापर्यंत एक शब्द बोलले नाही.

मी फटकळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण खरोखरचा राग आला की माझं तोंड बंद होतं, हे फक्त तुम्हाला माहीत होतं. पुढचे महिने मी तुम्हाला तशीच नेत होते, आणत होते. एकही वार चुकवला नाही. पण बोलणं म्हणजे "पट्टा लावा" आणि "उतरा सावकाश". तुम्ही शेजारी बसून काहीबाही काढायचात. "टकटक यायली का गं?" "नाही." "हवेचा फिल्टर बघितलास का?" "बघितला." "धूळ लई हाय यंदा." "हं." एकदा तुम्ही म्हणालात, "ते पातळ तेलच चांगलं गं. मला कवाचंच कळलं व्हतं." इतक्या वर्षांनी, न मागता, तुम्ही हार मानलीत. आणि मी काय म्हटलं? "बरं." आज मला त्या 'बरं'चा फार त्रास होतो अक्का. तुम्ही दार उघडून उभ्या होतात आणि मला वाटलं, ही बाई गाडीबद्दल बोलतेय.

तुम्ही गेलात ते सकाळी, घरीच, चहा व्हायच्या आत. सगळं नीट झालं. मीच सगळ्यांना फोन केले. मीच तुमचं नऊवारी लुगडं काढून दिलं. माझ्या डोळ्याला पाणी नव्हतं, आणि दोघीतिघींनी ते एकमेकींना दाखवलंही. मी मनात म्हटलं, हिची मी कोण लागते? लागत नाही ना, मग कशाला रडू.

आणि मग तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती गोष्ट झाली. पाहुणे पांगले होते. व्हरांड्यात तुमचा भाऊ बसला होता, अजिंठ्याला परत निघायचं म्हणून पिशवी पायाशी घेऊन. तुमचा लेक किरण होता. मी चहा घेऊन आले. बोलता बोलता तुमचा भाऊ म्हणाला, "मी म्हणलो होतो तिला, माझी घे. तर म्हणती, तू नांगराला उभा राहतोस, तुला दोन्ही पाहिजेत. मी लई रडलो. तर मलाच गप बसवलं."

"मला म्हणाली, तुझं लग्न व्हायचंय, पोरगी कोण देईल," किरण म्हणाला. भाऊजींना साखर, त्यांचा प्रश्नच नव्हता. मग किरणनं माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्हाला काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. कोरडेपणानं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच. किरणनं कप खाली ठेवला.

"तुमचं सगळ्यात अवघड होतं काकू. आई म्हणायची, मामाला समजावलं की तो ऐकतो, मला दम दिला की मी ऐकतो. पण शुभी कशानंच ऐकायची नाय. ती समितीपुढं जाऊन माझ्या अंगठ्यासकट कागद घेऊन येईल. तिला जिव्हारी लागंल असंच काहीतरी बोलावं लागणार."

मी त्याचा कप उचलून ट्रेमध्ये ठेवला.

"त्या दिवशी तुम्ही सोडून गेलात ना, तर आत येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. म्हणाली, आज लई घाण बोलले मी तिला. आणि मला शपथ घातली, काकूला सांगायचं नाही म्हणून. मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

तुमच्या भावानं मग ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली. तुम्ही शाळेत असताना जीप बंद पडली, तर तुमच्या वडिलांनी चालत्या ट्रॅक्टरचा डिझेलचा पंप काढून तिला लावला. जीप काही धड चालली नाही, आणि ट्रॅक्टरही ऐन पेरणीत उभा राहिला. "तवापासून अक्काचं एकच," तो म्हणाला, "चालत्या गाडीचं सामान काढायचं नाय म्हंजे नाय." एवढं बोलून तो पिशवी उचलून बस गाठायला गेला. किरण त्याला सोडायला गेला. मी कप धुतले.

तर हे असं आहे अक्का. आता माझं म्हणणं ऐका. ट्रॅक्टरला पंप एक असतो. माणसाला किडन्या दोन असतात. एक दिली तरी दुसरी काम करते, माणूस शाळेत जातो, गाडी चालवतो, भांडतो. हे मी पोरांना शिकवते. हे मला तुम्हाला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं, आणि तुम्ही गवार मोडत ऐकून घेतलं असतंत, आणि मग काहीतरी वाकडं विचारलं असतंत, आणि मी त्याचंही उत्तर दिलं असतं. पण तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं की मुद्द्यावर आलं तर मी जिंकेन. तेलाला जिंकले होते. म्हणून तुम्ही मुद्द्यावर आलाच नाहीत. फिल्टर तुमचा, हे कबूल. पण ह्या फिल्टरमध्ये माझाही हिस्सा होता, आणि तुम्ही एकटीनं निकाल लावून मोकळ्या झालात.

आणि तरी, राग कुठवर ओढू? मला थांबवायला नेमकं काय लागतं, हे ह्या जगात एका माणसाला ठाऊक होतं. माझ्या आईला नव्हतं. ह्यांना अजून नाही. तुम्ही माझा आटा न् आटा ओळखत होतात. मला तोडायला तुम्हाला किती जड गेलं असेल, तेही आता कळतं. एवढी माया करायची आणि ती शिवीसारखी तोंडावर मारायची, हे तुम्हालाच जमावं. कृतज्ञता वगैरे शब्द आपल्या दोघींत कधी आले नाहीत. आले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "मास्तरणी, पुस्तक मिट." मिटते.

तेल ह्या रविवारी बदलून घेईन. फिल्टर आता मलाच आणावा लागणार. खोक्यावरचा नंबर पुस्तकाशी ताडून घेईन, आटे फिरवून नाही.

एक सांगायचं राहिलं. ह्यांनी माझ्यामागे धोशा लावला होता, इतके महिने धावपळ केलीस, स्वतःची तपासणी तरी कर म्हणून. केली. काल रिपोर्ट घ्यायला गेले. डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारून एकेक पान उलटलं. रक्त ठीक, साखर ठीक, दाब थोडा वर. "आणि किडन्या तर दोन्ही एकदम छान आहेत. काही म्हणजे काही काळजी नको."

तेरा दिवसांत जे झालं नाही ते तिथे झालं. मी टेबलावर डोकं टेकून रडायला लागले, मोठ्यानं, बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली इतक्या मोठ्यानं. बाई घाबरून उठल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "अहो ताई, चांगली बातमी आहे ही. दोन्ही व्यवस्थित आहेत. दोन्ही."

एक घ्यायची होती, अक्का.